गरम झाली की उलटी किक: जुन्या बुलेटच्या टायमिंगच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

गाडी: बुलेट ३५०, सहा व्होल्ट, पॉइंट-कॉइल इग्निशन (फिरता कॅम पॉइंट ही धातूच्या टोकांची जोडी उघडतो, त्या क्षणी कॉइलमुळे प्लगवर ठिणगी पडते; ती कधी पडते ते टायमिंग). बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. इंजिन पूर्वी कधीतरी उघडलेलं दिसतं, पण धूर नाही, तेलाची गळती बुलेटच्या मानाने किरकोळ, आणि किक दाबताना कॉम्प्रेशन चांगलं लागतं.

तक्रार: थंड गाडी एक-दोन किकमध्ये लागते, स्लोला, म्हणजे थ्रॉटल सोडलेला असताना, ठोके सुरेख देते. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून बंद केली आणि पाच-दहा मिनिटांनी परत किक मारली, की किक उलटी येते. बुलेटची उलटी किक ज्याने खाल्ली आहे त्याला वेगळं सांगायला नको. शिवाय चढावर थ्रॉटल उघडला की हेडमधून नॉकिंग, म्हणजे धातूवर ठोकल्यासारखा आवाज. आणि तिसरी खूण, माझ्या मते सगळ्यात बोलकी: जोरात चालवून थांबलं की स्लो चढलेलाच राहतो, थोड्या वेळाने एकदम खाली येतो. केबल अडकत असेल असं वाटणं साहजिक आहे, पण तसं नाही. थ्रॉटल सोडल्यावर हवा अडवणारी स्लाइड तळाला बसते हे कार्ब्युरेटरचं तोंड उघडून डोळ्यांनी पाहिलं.

'थंड ठीक, गरम बिघाड' म्हटलं की सगळ्यांची बोटं पॉइंटवरची ठिणगी थोपवणाऱ्या कंडेन्सरकडे जातात. कंडेन्सर गेला तर गाडी गरम झाल्यावर मिस मारते, सायलेन्सरमधून फटाके वाजवते, बंद पडते. पण ठिणगी वेळेआधी पाडायचं काम तो करत नाही. उलटी किक, नॉकिंग आणि चढलेला स्लो या तिन्हींना एकच गोष्ट लागू पडते: ठिणगी लवकर पडते आहे. तीही कायम नाही, गाडी चालवल्यानंतरच.

थोडं गणित लिहून ठेवतो, पुढे लागेल. ठिणगी पडल्यापासून सिलिंडरमधला दाब शिखराला पोचायला काही मिलिसेकंद जातात. ६०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३.६ अंश फिरते, ३००० ला १८ अंश. दाबाचं शिखर पिस्टन टॉप (त्याची सर्वांत वरची जागा) ओलांडून साधारण १५ अंश पुढे गेल्यावर यायला हवं. म्हणजे स्लोला ठिणगी टॉपच्या जरा आधी पडली तरी पुरते, वेगात मात्र बरीच आधी पडावी लागते. जुन्या मॅग्नेटोच्या गाड्यांत हे काम चालवणारा स्वतः हँडलवरच्या लिव्हरने करायचा. या गाडीत ते पॉइंटच्या मागे बसलेली दोन वजनं करतात: शाफ्ट वेगात फिरला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात, वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात.

किक मारताना क्रँक सर्वांत हळू फिरत असते. त्या वेळी ठिणगी वीसेक अंश आधी पडली तर दाबाचं शिखर पिस्टन वर चढत असतानाच येतं आणि पिस्टन उलटा ढकलला जातो. ती ताकद थेट पायावर.

१२ जानेवारी

आज काहीही फिरवायचं नाही, नुसतं बघायचं असं ठरवून बसलो. जुन्या गाडीवर हे सर्वांत अवघड काम आहे.

पॉइंटचं झाकण काढलं. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात तिच्यावर आणि बॉडीवर अणकुचीदार सुईने एक आडवी रेघ मारली, म्हणजे आत्ताची जागा कायमची नोंदली गेली. प्लेटच्या स्क्रूंसाठी ज्या लांबट खाचा असतात, त्यांत दोन्ही स्क्रू अगदी टोकाला. ही प्लेट रिटार्डच्या, म्हणजे ठिणगी उशिरा पाडण्याच्या, दिशेने जितकी जाईल तितकी नेलेली आहे. कुणीतरी हिला 'लवकर पडते आहे' म्हणून मागे मागे ढकलत नेलं आणि खाच संपली तेव्हा थांबलं. प्लेट टोकाला आहे म्हणजे चूक दुसरीकडे आहे.

पॉइंट गॅप ०.२८ मिमी. हवा ०.३५ ते ०.४०. एका पॉइंटवर बारीक टेकडी, समोरच्यावर तेवढाच खड्डा. त्यामुळे फीलर गेजची पाती टेकडीवर टेकते आणि खरा गॅप दिसतो त्याहून जास्त असणार. असे पॉइंट घासून सपाट करता येतात, पण घासलेला पॉइंट लवकर परत जळतो. नवीन जोडी घालणार, मात्र कारण सापडल्यावर.

प्लगचा गॅप ०.६ मिमी, इलेक्ट्रोडचा रंग फिकट तपकिरी, ठीक. बॅटरी ६.३ व्होल्ट. टॅपेट थंड इंजिनवर तपासले: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बोटांनी मोकळे फिरतात, वरखाली खेळ जाणवत नाही. यापेक्षा जास्त काही त्यांच्याकडून अपेक्षित नाही.

एक्झॉस्ट पाइपचा हेडजवळचा भाग निळा-जांभळा पडलेला. तो रिटार्ड टायमिंगचा पुरावा असू शकतो, कारण उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्येही जळत राहतं. म्हणजे एकाच गाडीवर लवकरच्या आणि उशिराच्या दोन्ही खुणा. पाइप किती जुना हे माहीत नसल्याने या खुणेला फार भाव देत नाही, पण वहीत असू दे.

१८ जानेवारी

टायमिंग मोजायचं तर आधी खरा टॉप सापडला पाहिजे.

प्लगच्या भोकात स्पोक किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून 'आता वर आला' असं बघण्याची पद्धत सर्रास आहे. तिच्यात दोन अडचणी. एक, बुलेटचा प्लग हेडमध्ये तिरका बसतो, त्यामुळे सळई पिस्टनच्या सरळ रेषेत हलत नाही आणि तिच्यावर मोजलेला मिलिमीटर खरा मिलिमीटर नसतो. दुसरी अडचण मोठी. टॉपजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो. ९० मिमी स्ट्रोकवर टॉपपासून ३ अंश इकडेतिकडे झाले तरी पिस्टन मिलिमीटरचा दहावा भागही उतरत नाही. हाताला ते कळणं शक्य नाही.

म्हणून पिस्टन-स्टॉप आणि डिग्री चकती (कडेला अंश कोरलेली). जुन्या प्लगची पोर्सेलीन फोडून काढली, बॉडीत आटे पाडून त्यात गोल तोंडाचा बोल्ट बसवला. हा प्लगच्या जागी लावला की पिस्टन टॉपच्या आधी बोल्टला टेकतो आणि थांबतो, कुठल्याही बाजूने या. डावीकडचा फूटरेस्ट काढला, चेनकेसचं तेल उतरवलं, मधला नट सोडून झाकण खाली घेतलं. रोटरच्या (अल्टरनेटरचा क्रँकबरोबर फिरणारा भाग) नटवर चकती, स्टेटरच्या (त्याचा स्थिर भाग) बोल्टला वाकवलेल्या तारेचा काटा.

गाडी टॉप गिअरला, मागचं चाक हाताने हळू फिरवायचं. किक अजिबात नाही. स्टॉप लावलेला असताना किक मारली तर पिस्टनच्या डोक्याला खड्डा पडेल.

अंदाजाने टॉप धरून चकती शून्यावर लावली होती. एका बाजूने पिस्टन टेकला तेव्हा काटा ३४ वर, दुसऱ्या बाजूने २८ वर. मधला बिंदू शून्यापासून ३ अंश सरकलेला. चकती तेवढी फिरवली, आता दोन्हीकडे ३१. हा खरा टॉप. अंदाजाने धरलेल्या टॉपवरून टायमिंग लावलं असतं तर तिथेच ३ अंश उशीर झाला असता.

हा उपद्व्याप परत नको म्हणून रोटरच्या तोंडावर आणि शेजारच्या स्टेटरच्या कडेवर टॉपची रेघ कोरून घेतली. रोटर डावीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. टॉपच्या आधीचे अंश रोटरवर त्याच दिशेने पुढे येतात, तिथे ८ आणि ३२ अंशांच्या रेघा, पांढऱ्या रंगाने भरलेल्या. बुलेटला कारखान्यातून अशा खुणा नसतात. कुणीही एकदा हे काम केलं की पुढची सगळी वर्षं टायमिंग बघणं सोपं होतं.

१९ जानेवारी

मॅन्युअलमधला आकडा: वजनं पूर्ण मिटलेली असताना टॉपच्या आधी ०.४ ते ०.८ मिमीला पॉइंट उघडायला सुरुवात व्हावी. या स्ट्रोकवर ते साधारण ७ ते १० अंश होतात. 'वजनं पूर्ण मिटलेली असताना' हे शब्द अधोरेखित करून ठेवले.

पॉइंट नेमके कधी उघडतात हे बघायला या गाडीत हेडलॅम्पच्या टोपीवरच सोय आहे: अँपिअर मीटर. चावी चालू आणि पॉइंट बंद असले की कॉइलमधून करंट वाहतो, सुई डिस्चार्जकडे झुकते. पॉइंट उघडले की करंट तुटतो आणि सुई मध्यावर परत येते. चावी मात्र जास्त वेळ चालू ठेवायची नाही, कॉइल तापते.

भाच्याला मीटरपुढे बसवलं. मी मागचं चाक बोट-बोट पुढे सरकवत चकतीवर डोळा ठेवला.

"मामा, हलली!"

"हलली की परत आली?"

"परत आली. मधे."

काटा ६ वर. थोडं मागे जाऊन पुन्हा पुढे येत खात्री केली, तेच. मागे जाताना कमीत कमी वीसेक अंश जायचं आणि वाचन फक्त पुढे येतानाच घ्यायचं. क्रँकपासून डिस्ट्रिब्यूटरपर्यंत (पॉइंट आणि कॅम असलेला भाग) गिअरांची रांग आहे, प्रत्येक दातात थोडा खेळ असतो. उलट फिरवताना वाचन घेतलं तर तो सगळा खेळ आकड्यात येतो.

थंड इंजिन, ६ अंश. थोडं उशिराच, पण उलटी किक देण्यासारखं बिलकुल नाही. म्हणूनच सकाळी पाय सुरक्षित.

मग झाकण लावलं, तेल भरलं, फूटरेस्ट बसवला, गाडी चांगली रगडून आणली. परतल्यावर बंद केली आणि किकला हात न लावता परत फूटरेस्ट, तेल, झाकण. इंजिनावर पाणी टाकलं तर वाफ होईल इतकं गरम. चाक सावकाश फिरवलं, भाचा मीटरवर.

१८ अंश.

तेच इंजिन, तेच पॉइंट, प्लेटला कुणी शिवलेलंही नाही. १२ अंशांचा फरक. डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे कॅम स्वतः ६ अंश पुढे जाऊन तिथेच राहिलेला आहे. वजनं बाहेर गेली, घरी आलीच नाहीत.

२६ जानेवारी

चालू इंजिनावर पाहायचं बाकी होतं. चेनकेसचं झाकण काढलेलंच ठेवलं, चेनला ब्रशने तेल लावलं आणि एका वेळी मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त चालवायचं नाही असं ठरवलं. स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीला चमकते, त्यामुळे फिरती रेघ थांबलेली दिसते) बारा व्होल्टची आहे, गाडी सहाची. तिला वेगळी बारा व्होल्टची बॅटरी दिली, प्लगच्या वायरला नुसता चिमटा. सहा व्होल्टवर ही लाइट एक तर पेटत नाही किंवा मंद लुकलुकते, आणि मग लोक गाडीत मिस शोधत बसतात.

थंड, स्लोला: पांढरी रेघ एका जागी नाही. दोन रेघा दिसतात, एक साधारण ५ वर, एक ९-१० वर, मधेच एकमेकींवर येतात. याला वेगळं कारण हवं. वजनं अडकली तर रेघ सरकते, फाटत नाही.

रेस दिली: रेघ पुढे सरकत ३० च्या आसपास थांबली. पूर्ण ॲडव्हान्स (ठिणगी जास्तीत जास्त आधी पडणं) व्यवस्थित जातं आहे, वजनांना बाहेर जायला अडचण नाही. थ्रॉटल सोडला. इंजिनाचा वेग उतरला, पण रेघ उतरली नाही. १७-१८ वर येऊन लटकली आणि इंजिन चढलेल्या स्लोवर धावत राहिलं. मी आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोकडे बघत होतो (स्ट्रोबमध्येच आहे, बुलेटला कुठला आलाय टॅको), तेवढ्यात 'टक' असा बारीक आवाज, रेघ एका उडीत खाली ६ वर, स्लो कोसळला, गाडी बंद. तीन तक्रारींपैकी तिसरी डोळ्यांसमोर घडली.

ज्याने प्लेट टोकाला नेली त्याचंही आता कळतं. त्याने गाडी गरम असताना कानाने टायमिंग लावलं असणार. गरम असताना वजनं अर्धी बाहेर, म्हणून त्याला सतत लवकर वाटायचं, तो प्लेट मागे घ्यायचा. थंड झाल्यावर वजनं पूर्ण आत, मग टायमिंग उशिरा, गाडी मंद, पाइप निळा. निळा पाइप खरं बोलत होता तर. कानाने टायमिंग लावणारे काही जण खरोखर उत्तम लावतात, पण कॅम दर वेळी त्याच जागी परत येत असेल तरच.

१ फेब्रुवारी

प्लेट काढली. कॅम बोटांत धरून फिरण्याच्या दिशेने पिळला आणि सोडला. निरोगी कॅम चट्कन परत येतो, आवाजासकट. हा झोपेतून उठवलेल्या माणसासारखा निघाला, अर्ध्यावर आला आणि थांबला. बोटाने हलकंच टोकल्यावर उरलेलं अंतर आला. ही तपासणी कुठल्याही हत्याराशिवाय, झाकण आणि प्लेट काढून कुणालाही करता येते. कुणाच्याही जुन्या गाडीचं टायमिंग बघायला बोलावलं तर फीलर गेजच्या आधी आता मी हेच करीन.

मधला स्क्रू सोडून कॅम उचलला. आत जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट. इथे जाड ग्रीस भरायचं नसतं, हलक्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. पण 'फिरतं ते ग्रीसने भरा' हा उत्साह अमर आहे. गरम झाल्यावर हे ग्रीस मऊ आणि चिकट होतं, वजनाच्या तळाला पकडून ठेवतं.

मात्र ग्रीस एकटं दोषी नाही. वजनांच्या दोन खिळ्यांपैकी एकावर नखाला लागेल असा गोल खड्डा पडला आहे, वजनाचं भोक तिथे घासून घासून. आणि स्प्रिंगा: एकीचा आकडा उघडून लांबट झालेला, आतून चकचकीत. दुसरीची दोन वेटोळी सुटी झालेली, दोन्ही शेजारी ठेवल्या तर लांबीत डोळ्यांना दिसणारा फरक.

इथे एक सावधगिरी. काही ॲडव्हान्स युनिटांत दोन स्प्रिंगा मुळातच वेगळ्या असतात, एक घट्ट आणि एक मुद्दाम ढिल्या आकड्याची, म्हणजे सुरुवातीला एकच ओढते आणि पुढे दोन्ही. त्यामुळे 'दोन सारख्या नाहीत म्हणजे खराब' असं म्हणून चालत नाही, आकडा घासलेला आहे का ते भिंगाखाली पाहावं. माझा घासलेला आहे. ढिल्या स्प्रिंगेचा आकडा पक्कडने दाबून आखूड करण्याचा मोह सगळ्यांना होतो. कॅम त्याने परत येईलही, पण वजनं कुठल्या वेगाला निघायची आणि कुठल्या वेगाला पोचायची ते सगळं बदलतं आणि ते परत कशाशी ताडून बघायचं हे राहत नाही. जुळी नवीन जोडी मागवली.

कॅम उचललेला असतानाच शाफ्टला अंगठ्याने आडवं ढकललं. हलला! डायल गेज लावला: आडवा खेळ ०.१ मिमीच्या जवळपास. फाटलेल्या रेघेचं कारण हे. शाफ्ट बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या नळीत) नाचतो, त्यामुळे प्रत्येक फेरीला कॅम पॉइंटपासून थोडा जवळ किंवा थोडा लांब. चाक न फिरवता, शाफ्ट फक्त इकडून तिकडे दाबून गॅप मोजला होता तेव्हा ०.२८ चा कधी ०.३३ झाला, कधी ०.२४. गॅप हलला म्हणजे टायमिंग हललं, ही दोन वेगळी खाती नाहीतच.

८ फेब्रुवारी

लेथचं काम करून आलं. जुना बुश दाबून काढला, फॉस्फर ब्राँझचा नवीन बसवला, बसवल्यानंतर रीमर मारून शाफ्टला मोजून घेतला. शाफ्ट तेल लावून आपल्या वजनाने हळू उतरतो, आडवा खेळ बोटाला कळत नाही. बुश दाबताना आतून थोडा आवळतो, म्हणून रीमर नंतर मारायचा; आधी मापात करून दाबला तर शाफ्ट जाम होतो.

खड्डा पडलेला खिळा काढून नवीन रिव्हेट केला. वजनांची भोकं पॉलिश पेपरने नुसती पुसली, मोठी होऊ दिली नाहीत. तळाच्या बारीक वायसरांपैकी एक नव्हतीच, ती घातली. नवीन स्प्रिंगा. हलक्या तेलाचा थेंब. कॅम पिळला, सोडला: चट्. परत पिळला, सोडला: चट्. उगाचच बराच वेळ तेच करत बसलो.

कॅम हाताने पूर्ण पिळून अडेपर्यंत नेला आणि मोजलं: कॅमचे १२ अंश, म्हणजे क्रँकचे २४. मिटलेल्या स्थितीत ८ लावले तर पूर्ण ॲडव्हान्स ३२ वर जाईल. रोटरवरची दुसरी खूण बरोबर कामाला येणार.

कंडेन्सरचीही बाजू ऐकून घेतली. मीटरवर ०.२१ मायक्रोफॅरड, पॉइंट इग्निशनला साजेसा आकडा. केस वाळवायच्या यंत्राने हाताला चटका बसेल इतका तापवला, तरी ०.२१. तो निर्दोष आहे आणि गाडीतच राहणार. नव्या डब्यातले कंडेन्सर जुन्या चालू कंडेन्सरपेक्षा भरवशाचे असतात असा माझा अनुभव नाही.

९ फेब्रुवारी

नवीन पॉइंट बसवले. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पापुद्रा असतो. तो पेट्रोलने पुसून कोरड्या कागदाने ओढून घेतला. नाहीतर पहिल्याच दिवशी काळे पडतात.

ही सगळी रचना चार्ल्स केटरिंगच्या काळातली, कॅडिलॅकच्या १९१० च्या गाड्यांवर आलेली. कॉइलमध्ये करंट साठवायचा, एका क्षणी पॉइंट उघडून तो तोडायचा, कंडेन्सरने पॉइंटवरचा आर्क थोपवायचा म्हणजे तोडणं झटक्यात होतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. पॉइंट किती वेळ बंद राहतात त्यावर कॉइल किती भरते ते ठरतं. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि बंद राहण्याचा वेळ कमी होतो. कमी केला की उलट. माझ्या गाडीवर चकती लावून पाहिलं: गॅप ०.३५ चा ०.४५ केला तर उघडण्याची वेळ क्रँकवर चार-पाच अंश आधी येते. मॅन्युअलमध्ये ७ ते १० अंशांची मुभा आहे, ती नुसत्या गॅपच्या ढिलाईने संपून जाते.

म्हणून क्रम मोडायचा नाही. आधी गॅप, मग टायमिंग. टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला तर टायमिंग परत लावायचं.

गॅप ०.३८, कॅम सर्वांत उंच असताना. पॉइंटच्या टाचेला (कॅमवर घासणारा भाग) चण्याएवढंही नाही, त्याच्या चौथाईएवढं ग्रीस, आणि कॅमला तेल देणाऱ्या फेल्टला तेल. मग रोटरची ८ अंशांची रेघ स्टेटरच्या रेघेसमोर आणली, अर्थातच पुढे येत, आणि प्लेटचे स्क्रू अर्धे सैल करून प्लेट हळू फिरवली. कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट प्लेट नेली की ॲडव्हान्स, त्याच दिशेने नेली की रिटार्ड. प्लेटचा १ अंश म्हणजे क्रँकचे २, त्यामुळे हात हलका. अँपिअर मीटरची सुई जिथे उडते तिथे स्क्रू आवळले. आवळताना प्लेट किंचित ओढली जाते, म्हणून आवळल्यावर परत चाक मागे नेऊन पुढे आणत वाचन घेतलं. ८ अंशांच्या रेघेवरच सुई मध्यावर परत आली. थरथर नाही, शंका नाही.

प्लेट आता खाचेच्या जवळपास मध्यावर आहे. १२ जानेवारीची माझी सुईची रेघ बरीच लांब राहिली. मध्यावर आली नसती तर टायमिंग कव्हर उघडून डिस्ट्रिब्यूटरचं गिअर टेपरवरून सोडवून परत बसवावं लागलं असतं. ते टळलं.

१५ फेब्रुवारी

स्ट्रोब. स्लोला एकच रेघ, ८ वर, कोरल्यासारखी. रेस दिल्यावर हजाराच्या थोडं खाली सरकायला लागते, २,२०० च्या सुमाराला ३२ वर थांबते, त्यापुढे कितीही वाढवा, तिथेच. वेगासोबत ॲडव्हान्स अमर्याद वाढवायची गरज नसते, कारण वेग वाढला की सिलिंडरातली घुसळण वाढते आणि मिश्रणही भराभर पेटतं. थ्रॉटल सोडला की रेघ वेगाच्या पाठोपाठ खाली, ८ वर. लटकणं नाही.

गाडी स्लोला जरा मंद झाली होती. साहजिक आहे, इतके दिवस कार्ब्युरेटरचा स्लो स्क्रू चुकीच्या टायमिंगशी जमवलेला होता. स्लो आणि हवा-स्क्रू नव्याने लावले. टायमिंगच्या आधी कार्ब्युरेटरला हात घालणाऱ्यांची गाडी अशीच गोल गोल फिरत राहते.

मग रस्त्यावर. नेहमीच्या चढावर तिसऱ्यात थ्रॉटल उघडला: नॉकिंग नाही. थांबलो: स्लो लगेच खाली. खरी परीक्षा शेवटी. चांगली तापवून बंद केली, दहा मिनिटं उभी केली, मीटर बघत पिस्टन टॉपच्या किंचित पुढे घेतला आणि किक मारली. पाय आखडलेलाच होता, सवय जात नाही. गाडी लागली. परत बंद, परत किक. लागली. भाच्याला किक मारायची होती, त्यालाही मारू दिली. एवढ्यासाठी तो मीटरपुढे बसला होता.

२ मार्च

साधारण ४०० किलोमीटर झाले. पॉइंट गॅप ०.३८ चा ०.३५ झाला आहे. नव्या पॉइंटची टाच कॅमवर बसेपर्यंत सुरुवातीला अशी घासतेच, मग मंदावते. टाच घासली की गॅप कमी होतो आणि टायमिंग उशिराच्या बाजूला जातं. इंजिन बंद ठेवून घेतलेलं वाचन आता ७ च्या आसपास. मर्यादेत आहे, पण टाच बसली असं समजून गॅप परत ०.३८ केला आणि त्यामागोमाग टायमिंग ८ वर आणलं. पॉइंटची तोंडं राखाडी, सपाट, टेकडी-खड्डा नाही.

प्लग कोरडा, तपकिरी. एक्झॉस्ट पाइपचा निळा डाग आहे तिथेच आहे, पण पुढे सरकलेला नाही. पेन्सिलीने कडेला खूण करून ठेवली आहे.

पुढची तपासणी १,००० किलोमीटरला: गॅप, फेल्टला तेलाचे दोन थेंब, प्लेट काढून कॅमचा 'चट्'. डब्यात स्प्रिंगांची एक जादा जोडी टाकली आहे.